घराचा हिशेब आणि हातातला मोबाइल

कार्ल्याच्या डोंगरावरील बौद्ध चैत्यगृह पाहायला जाणारे बहुतेक लोक त्याची उंची, लाकडी कमानींचे छत आणि खांबांवरची हत्तींची शिल्पे पाहून परततात. व्यापारी घरातील माणसाने तेथे आणखी एक गोष्ट पाहावी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या लेण्यात कोणता खांब कोणी दिला, दर्शनी भागाचा खर्च कोणी उचलला, दरवाजा कोणी केला, याची नोंद त्या त्या जागी दगडातच करून ठेवलेली आहे. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे नाव तेथे आहे. धेनुकाकट गावच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे, सुताराचेही आहे. कोणी किती भार उचलला हे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावे, अशी ती उघडी खतावणी आहे.

आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या मुंबई–पुणे महामार्गाच्या दुतर्फा घरांच्या जाहिरातींचे फलक उभे आहेत. मळवली स्थानक जवळ, पुणे–लोणावळा लोकलची सोय, लोहगड–विसापूरचा देखावा, स्वच्छ हवा. पुणे, पिंपरी–चिंचवड, तळेगाव आणि मुंबईतील अनेक व्यापारी कुटुंबांना येथे एखादे घर असावे असे वाटते. काहींना ते वृद्ध आई-वडिलांसाठी हवे असते, काहींना सुट्टीसाठी, काहींना निव्वळ गुंतवणूक म्हणून. हा सारा शोध आता मोबाइलवरच सुरू होतो. घराचे छायाचित्र मोबाइलवर, किमतीची तुलना मोबाइलवर, कर्जाचा हप्ताही मोबाइलवरच मोजला जातो. ही साधने उपयुक्त आहेत यात शंका नाही. मात्र त्यांना काय विचारायचे हे ज्याला कळते, त्यालाच ती उपयोगी पडतात.

दिसणारी किंमत आणि लागणारी रक्कम

एक उदाहरण घेऊ. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्याचे आकडे कोणत्याही घरात तपासून पाहता येतील असे आहेत. चिंचवडच्या बाजारपेठेत भांड्यांचे दुकान, वडील अडुसष्ट वर्षांचे, आई पासष्टीची, अडतिसाव्या वर्षी दुकान सांभाळणारा मुलगा आणि वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली सून. आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि शहरातील धूळ सोसत नाही. एका रविवारी मुलाने मोबाइलवर कार्ले परिसरातील बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पातील साठ लाखांची सदनिका पाहिली. त्याच पानावरील गणकयंत्रात मासिक उत्पन्न भरताच चाळीस लाखांपर्यंत कर्ज मिळू शकेल असे उत्तर आले. वीस लाख आपले, चाळीस लाख बँकेचे, असा हिशेब जेवण होण्यापूर्वीच पूर्ण झाला.

सुनेने त्याच रात्री घरखर्चाच्या ॲपमध्ये नवे पान उघडले आणि किमतीखाली एकेक रक्कम लिहीत गेली. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला न मिळालेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या सदनिकेवर तो ५ टक्के, म्हणजे येथे ३ लाख. मुद्रांक शुल्काचा दर महापालिका, नगरपरिषद की ग्रामपंचायत यानुसार बदलतो, म्हणून सावध अंदाज ६ टक्क्यांचा धरला, ३ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क एक टक्का, पण त्याला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. वीजमीटर, सोसायटीची आगाऊ वर्गणी, वकिलाची फी, पंखे, स्वयंपाकघराची मांडणी, खिडक्यांच्या जाळ्या यांसाठी ३ लाख १० हजार. बेरीज झाली ७० लाख. जाहिरातीतील किमतीवर दहा लाख वाढले आणि त्यात एकही चैनीची वस्तू नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. बँक कर्ज देते ते साठ लाखांच्या घरावर, सत्तर लाखांच्या खर्चावर नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. मुद्रांक व नोंदणीचा खर्च साधारणपणे या किमतीत धरला जात नाही. तो खरेदीदाराने स्वतःच्या पैशातून द्यायचा असतो. घराच्या व्यवहारात ऐन वेळी धावपळ होते ती बहुधा याच रकमेसाठी.

दुकानाचे उत्पन्न आणि कागदावरचे उत्पन्न

गणकयंत्राने चाळीस लाख सांगितले, कारण मुलाने आपल्या मनातले उत्पन्न भरले होते. बँक विचारते ते विवरणपत्रातले उत्पन्न. या घराचे विवरणपत्र वर्षाला ९ लाख निव्वळ उत्पन्न दाखवते, म्हणजे महिन्याला ७५ हजार. सर्व कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असावेत, असा अंदाज सर्वसाधारणपणे धरला जातो. त्यानुसार मर्यादा आली ३७,५००. दुकानाच्या टेम्पोचा ९,५०० रुपयांचा हप्ता चालू आहे. उरले २८ हजार. वार्षिक साडेआठ टक्के व्याजदर आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर एवढ्या हप्त्यात सुमारे ३२ लाखांचे कर्ज बसते. त्यावरचा हप्ता होतो २७,७७० रुपये.

हे ऐकून वडील काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दुकान तर याहून जास्त चालते.”

सून म्हणाली, “पप्पाजी, जे लिहिले नाही ते बँकेला दिसत नाही.”

व्यापारी घरांत हा प्रसंग नवा नाही. अनेक वर्षे विक्रीचा काही भाग वहीबाहेर ठेवून कर वाचवल्याचे समाधान मिळते आणि कर्जाची गरज पडते त्या दिवशी त्याची किंमत चुकवावी लागते. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून गल्ल्यावरच्या व्यवहारांची नोंद आपोआप बँकखात्यात होऊ लागली आहे. उधारीची नोंद ठेवणारी खाताबुकसारखी ॲप्सही दुकानांत रुळली आहेत. ज्याची कीर्द, बँकखाते आणि विवरणपत्र एकच गोष्ट सांगतात, त्याची कर्जपात्रता वाढते. हे काम घर निवडल्यावर सुरू करून चालत नाही. बँका सहसा मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहतात, त्यामुळे घराची तयारी त्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून सुरू झालेली असावी लागते.

याच ठिकाणी पतअहवालही पाहून घ्यावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांकडून प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. सिबिलचे गुण ३०० ते ९०० या पट्टीत असतात. पण केवळ गुण पाहून थांबू नये, अहवाल शेवटपर्यंत वाचावा. आपल्या समाजात भाऊबंदांच्या कर्जाला जामीन राहण्याची रीत आहे. ती आपुलकीतून आलेली आहे, पण जामीनकीची नोंद अहवालात येते आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर त्याचा भार जामीनदाराच्या पतीवर पडतो. या उदाहरणातील घरातही सात वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या कर्जाला दिलेली सही कोणाच्या लक्षात नव्हती, ती अहवालात सापडली. सुदैवाने कर्ज फिटलेले होते, पण ते बंद झाल्याची नोंद मात्र झालेली नव्हती. बँकेकडून तसे पत्र मिळवून अहवाल दुरुस्त करून घेण्यात काही आठवडे गेले. कर्जाचा अर्ज आधीच दिला असता, तर हेच आठवडे फार महाग पडले असते.

सरावाचा हप्ता

आता खरा प्रश्न उभा राहिला. ७० लाखांपैकी ३२ लाख बँकेचे, म्हणजे ३८ लाख घरचे हवेत. ठेवी आणि बचत मिळून होते २२ लाख. कमी पडणारे १६ लाख कोठून आणायचे? उत्तर मुलाच्या ओठांवरच होते, दुकानातून.

दुकानाचे खेळते भांडवल हा घराचा पैसा नव्हे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये. तरीही घर घेताना हीच चूक सर्वाधिक होते. भांड्यांच्या दुकानाचा वर्षाचा मोठा धंदा धनत्रयोदशी आणि लग्नसराई या दोन हंगामांत होतो. त्याआधी माल भरावा लागतो. भाद्रपदात भांडवल घरात गुंतले, तर आश्विनात माल उधारीवर घ्यावा लागेल, रोखीची सूट जाईल आणि तेवढ्याच विक्रीवर नफा कमी होईल. शिवाय त्या कमी नफ्यातूनच घराचा हप्ता भरायचा असेल. काहीजण ही तूट मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या वैयक्तिक कर्जाने भरून काढतात. हे त्याहून वाईट. त्याचा व्याजदर गृहकर्जाहून बराच जास्त असतो आणि त्याचा हप्ता गृहकर्जाची पात्रता आणखी कमी करतो. कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाची संपर्कयादी, छायाचित्रे व कॉलची नोंद वाचू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. जे ॲप अशी परवानगी मागते ते घरात ठेवूच नये. खर्च मोजणाऱ्या ॲपलाही आवश्यक तेवढीच परवानगी द्यावी. बँकेचे संदेश वाचू न देता हाताने नोंद केली तरी हिशेब तितकाच चोख राहतो, उलट हाताने लिहिलेला खर्च अधिक लक्षात राहतो.

सुनेने वेगळा मार्ग सुचवला. घर घेण्यापूर्वी सहा महिने घर घेतल्यासारखे वागून पाहायचे. दर महिन्याच्या पाच तारखेला २८ हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ॲपमध्ये तो खर्च ‘घराचा हप्ता’ म्हणून नोंदवायचा. जून आणि जुलै महिने निभावले. ऑगस्टमध्ये मात्र त्या खात्यात १७ हजारच जाऊ शकले. मुलाच्या शाळेचे शुल्क, पर्युषणातील पाहुणे, दुकानाचे छत गळल्याची दुरुस्ती, आणि गिऱ्हाईक तर पावसामुळे बाहेरच पडत नव्हते.

ऑगस्टच्या त्या एका महिन्याने जे शिकवले, ते कोणत्याही गणकयंत्राने सांगितले नसते. नोकरदाराचा पगार दरमहा सारखा असतो, म्हणून त्याचा हप्ता सरासरीवर ठरवता येतो. व्यापाऱ्याचे उत्पन्न हंगामी असते आणि हप्ता मात्र बारा महिने सारखाच. म्हणून त्याने हप्ता ठरवावा तो वर्षातल्या सर्वांत मंद महिन्याकडे पाहून. अन्यथा दिवाळीनंतर सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि तिला कोणत्याही कारणाने हात लावू नये.

मुदतीचाही विचार येथेच करावा. ३२ लाखांच्या कर्जावर वीस वर्षांत सुमारे ३४ लाख ६५ हजार व्याज जाते. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडले, तर हप्ता ३१,५१२ रुपये होतो आणि व्याज २४ लाख ७२ हजारांच्या आसपास राहते. महिन्याला पावणेचार हजार रुपये जास्त भरून जवळपास दहा लाख वाचतात. पण हंगामी उत्पन्नाच्या घराने पंधरा वर्षांच्या हप्त्यात स्वतःला बांधून घेण्याची घाई करू नये. मुदत वीस वर्षांची घ्यावी आणि चांगल्या हंगामानंतर मुद्दलात जादा भरणा करावा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. त्या सवलतीचा उपयोग करण्याची सर्वांत चांगली संधी व्यापाऱ्यालाच असते.

जमिनीची खतावणी

पैशाचा हिशेब जुळला तरी ज्या जमिनीवर घर उभे राहणार तिचा हिशेब पाहणे बाकी असते. घरांच्या जाहिरातींची ॲप्स छायाचित्रे दाखवतात, मालकीची खात्री देत नाहीत. त्यासाठी शासनाच्या संकेतस्थळांकडे जावे लागते आणि तीही मोबाइलवर उघडतात.

पहिले स्थळ महारेरा. केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ चा आणि महाराष्ट्रातील प्राधिकरणाचे काम सुरू झाले १ मे २०१७ रोजी. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. तो मोबाइलने टिपला की प्रकल्पाचे पान उघडते. त्यात मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजा, न्यायालयीन दावे, किती सदनिकांची विक्री झाली आणि काम पूर्ण करण्याची कबूल केलेली तारीख दिसते. ही तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते अवश्य पाहावे. ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करण्याचे बंधन विकासकावर आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. १९६३ च्या जुन्या सदनिका कायद्यात ही मर्यादा २० टक्के होती. म्हणून ‘आज टोकन भरा, करार पुढच्या महिन्यात’ या आग्रहापुढे नमू नये. किंमतही चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या क्षेत्रावर मोजावी.

मावळात एक अडचण वेगळी आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला या कायद्यानुसार नोंदणीची सक्ती नाही. डोंगरउतारावरील लहान बंगल्यांच्या योजना किंवा चार-सहा घरांच्या इमारती या सवलतीत बसू शकतात. तेथे क्यूआर कोड नसेल आणि तो नाही म्हणून व्यवहार खोटा असेही नाही. पण तपासणीची सारी जबाबदारी मग खरेदीदारावर येते.

अशा वेळी महाभूमीच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा, मावळ तालुका व गाव निवडून सातबारा पाहावा. केवळ माहितीसाठीचा उतारा विनामूल्य दिसतो. डिजिटल स्वाक्षरीचा, कामात वापरता येणारा उतारा १५ रुपयांत मिळतो. लाखोंच्या व्यवहारात इतकी स्वस्त दुसरी खबरदारी सापडणार नाही. उताऱ्यावर भोगवटादाराचे नाव विकणाऱ्याच्या नावाशी जुळते का, भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचा हक्क किंवा दावा लिहिला आहे का, हे वाचावे. वर्ग २ च्या जमिनीचे हस्तांतर शासनाच्या परवानगीशिवाय होत नाही. फेरफाराचे क्रमांक पाहून जमीन कशी हस्तांतरित होत आली तेही तपासावे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधीच्या दस्तांची सूची व वार्षिक बाजारमूल्याचे दर पाहता येतात.

शेतजमिनीचा मोह मात्र वेगळा ओळखावा. कार्ले–भाजे परिसरात ‘स्वस्तात गुंठे’ अशी कुजबुज नेहमीच ऐकू येते. कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या व्यवहारांवर बंधने घातली. या बंधनांत शासनाने वेळोवेळी सवलती दिल्या, पण त्या कोणत्या क्षेत्राला व कोणत्या अटींवर लागू होतात हे वकिलाकडून लेखी घ्यावे. साध्या नोटरीच्या कागदावर घेतलेला गुंठा मालकी देत नाही. शिवाय कार्ले व भाजे येथील लेणी राष्ट्रीय संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. इंद्रायणीच्या काठची जागा असेल, तर पूररेषाही पाहावी लागते. बिनशेतीचा आदेश आणि बांधकाम परवाना हे दोन कागद हाती आल्याखेरीज इसार देऊ नये. बँक आपल्या कर्जासाठी मालकीची तपासणी करते, ती तिच्या सुरक्षिततेसाठी. ग्राहकाने आपल्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा.

रोख किती?

उदाहरणातील कुटुंबाने पाहिलेल्या एका पुनर्विक्रीच्या घरात विकणाऱ्याने किंमत थोडी उतरवण्याची तयारी दाखवली. काही रक्कम रोख द्यावी एवढीच अट होती. वडिलांना ही रीत ओळखीची होती. पण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायदा मनाई करतो आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. देणाऱ्याचेही नुकसान होते. करारातील किंमत कमी दिसल्याने कर्ज कमी मिळते. शासकीय मूल्यांकनाहून ती ठरावीक मर्यादेपलीकडे कमी असेल, तर फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानून त्यावर कर लागतो. आणि पुढे घर विकताना खरेदीची किंमतच कमी धरली गेल्याने भांडवली नफ्यावरील कर वाढतो. ५० लाख किंवा अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कर कापून शासनाकडे भरायचा असतो, हेही अनेकांना नोटीस आल्यावर कळते. वडिलांनी ते घर सोडले. सोडताना त्यांना वाईट वाटले, हे लपवण्याचे कारण नाही.

किती घर पुरे?

सरावाच्या सहा महिन्यांनंतर ॲपमधील पान पुन्हा उघडले, तेव्हा प्रश्न बदललेला होता. साठ लाखांचे घर कसे परवडेल हे विचारणे थांबले होते आणि आपल्या हिशेबात किती घर बसते याचा विचार सुरू झाला होता. परिसरात ४४ लाखांची एक लहान सदनिका होती. परवडणाऱ्या घरांची ४५ लाखांची किंमतमर्यादा आणि चटई क्षेत्राची मर्यादा ती पाळत असल्याने वस्तू व सेवा कर १ टक्काच, ४४ हजार. मुद्रांक शुल्क त्याच सावध अंदाजाने २ लाख ६४ हजार, नोंदणी ३० हजार, इतर खर्च २ लाख ६२ हजार. एकूण बरोबर ५० लाख. कर्ज ३२ लाख, घरचे १८ लाख, आणि बचतीतील ४ लाख हात न लावता शिल्लक. दुकानाच्या भांडवलातून एक रुपयाही नाही. घर आईच्या नावावर घेतल्यास राज्यात २०२१ पासून महिलांना मिळणारी मुद्रांक शुल्कातील १ टक्क्याची सवलतही लागू होऊ शकते. त्यासाठी कर्जात तिला सहअर्जदार करावे लागेल आणि पुढील वारसाचा विचार कुटुंबाने आजच बोलून घ्यावा.

वडिलांना मोठे घर हवे होते ते सुट्टीत साऱ्या भावंडांची मुले एकत्र यावीत म्हणून. ही इच्छा चुकीची नव्हती. पण आईने एका वाक्यात विषय संपवला. “दोन खोल्या पुरतात, झाडायला मलाच लागतात.”

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात ज्या वस्तूंची मर्यादा ठरवायची त्यांत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांचा उल्लेख सर्वांत आधी येतो, हे तत्त्वार्थसूत्राच्या वाचकांना ठाऊक आहे. मर्यादा आधी ठरवावी आणि मग खरेदीला निघावे, हा क्रम व्रतात जसा आहे तसाच तो अंदाजपत्रकातही आहे. ॲप हप्ता मोजते, तुलना करते, आठवण करून देते. मर्यादेचा आकडा मात्र घरातल्या माणसांनी एकत्र बसून भरायचा असतो.

शेवटची एक तपासणी उरली होती आणि ती कोणत्याही ॲपमध्ये होत नाही. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डिसेंबरच्या उन्हात येथील प्रत्येक घर सुंदर दिसते. म्हणून घर एकदा जुलैत पाहावे. भिंतीला ओल येते का, रस्ता चालण्याजोगा राहतो का, वीज किती वेळ जाते, जिन्यात शेवाळ धरते का, हे पाहावे. एकदा शनिवार-रविवारी जावे, म्हणजे पर्यटकांची गर्दी कळेल, आणि एकदा एकवीरा देवीच्या चैत्री यात्रेच्या दिवसांत. जवळचा डॉक्टर कोठे आहे, दूध-भाजी कोठे मिळते, गुडघे दुखणारी व्यक्ती स्थानकापर्यंत कशी जाईल, हेही विचारावे. जुन्या महामार्गाने विहार करणाऱ्या साधू-साध्वींची गोचरी आपल्या दारी व्हावी असे वाटत असेल, तर दारापर्यंतची वाट पायी चालून पाहावी.

उदाहरणातील आई पावसाळ्यात ते घर पाहायला गेली. जिना चढताना दोनदा थांबली. वर पोहोचल्यावर तिने आधी खिडकी उघडली नाही, भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती. मग तिने सुनेला विचारले, “तुझ्या त्या मोबाइलात जिना धरलास का?”

सुनेने मोबाइल काढून खर्चाच्या पानावर एक ओळ वाढवली: ‘तळमजल्याची सदनिका उपलब्ध आहे का, विचारणे.’ करार त्या उत्तरानंतरच होणार होता.